शंभर ट्राउटचा संकल्प

डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या ऑफिसात शुकशुकाट. गोरी मंडळी सुट्टीवर, प्रॉडक्शनला कोणी हात लावायचा नाही असा वरून फतवा, आणि उरलेले आम्ही चार देसी पँट्रीतली फुकटची कॉफी संपवत बसलेले. अशा वेळी माणूस दोन गोष्टी करतो. एक, पुढच्या वर्षीचे गोल्स लिहितो. दोन, मागच्या वर्षीचे गोल्स उघडून बघतो. दुसरी गोष्ट शक्यतो करू नये. मी केली.

माझ्याकडे 'फ्लाय फिशिंग' नावाची एक एक्सेल शीट आहे. (हसू नका. इंजिनिअर माणूस प्रेमात पडला तरी आधी शीट बनवतो.) गेल्या जानेवारीत मी तिच्यात तीन ओळी लिहिल्या होत्या:

१. वर्षभरात १०० ट्राउट
२. एक तरी २० इंची
३. दहा वेगवेगळ्या नद्या

खाली तारीख, नदी, माशाची जात, लांबी, फ्लायचं नाव असे रकाने. वर एक चार्ट, त्यात एक लाल रेघ 'असायला हवे' आणि एक निळी रेघ 'आहेत'. प्रोजेक्ट मॅनेजरने बघितली असती तर डोळ्यांत पाणी आलं असतं त्याच्या.

ही शीट या वर्षी मी डिलीट केली. का, ते सांगायला आज बसलोय.

आधी फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते थोडक्यात. आपला साधा गळ टाकताना वजन असतं ते शिशाचं आणि आमिषाचं. ते भिरकावलं की दोरी मागोमाग जाते. फ्लायला मात्र वजनच नसतं. एक बारीकसा हुक, त्यावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. ती फेकणार कशी? तर इथे वजन दोरीला असतं. काठी मागे-पुढे झुलवायची, जाड दोरी हवेत उलगडत जाते आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरते. माशाला वाटतं, खरीच माशी पडली. मासा माशीला भुलतो, एवढीच काय ती गोष्ट. पण ती जमायला मला दीड वर्ष लागलं. पहिल्या वर्षी मी सर्वांत जास्त वेळा काय पकडलं असेल तर मागची झाडं.

मी राहतो डेन्व्हरला. इथून तास-दीड तासात साउथ प्लॅट नदी, अडीच तासांत कोलोरॅडो नदी. ट्राउट म्हणजे इथला राजा. गंमत म्हणजे त्यातले बहुतेक माझ्यासारखेच बाहेरून आलेले. रेनबो कॅलिफोर्नियाकडचा, ब्राउन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातून आणलेला, ब्रूक पूर्वेकडचा. मूळचा इथला म्हणायचा तर कटथ्रोट. बाकीच्यांना पिढ्यान् पिढ्या झाल्या, पण म्हणून मूळचे नाहीत ते नाहीतच. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकून जरा बरं वाटतं :-)

असो. तर जूनमध्ये आई-बाबा आले, तीन महिन्यांसाठी. आम्ही मालवणकडचे. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आता रिटायर. त्यांचा रविवार म्हणजे कालावलची खाडी, हातात गरी, आमिषाला सुंगटं. तांबोशी मिळाली तर दिवस सोन्याचा, नाहीतर शेंगटीवर समाधान. रॉड वगैरे काही नाही. नुसता दोर बोटाला गुंडाळायचा आणि बसायचं. लहानपणी मी बरोबर जायचो आणि अर्ध्या तासात कंटाळायचो. बाबा चार-चार तास बसायचे. तेव्हा मला वाटायचं, हे नुसतेच बसलेत.

पहिल्याच शनिवारी मी त्यांना नदीवर नेलं. एक छोटा रेनबो मिळाला, मी ऐटीत हुक काढला आणि मासा सोडून दिला. बाबा बघतच राहिले.

"खावचो नाय, तर पकडतंस कित्याक?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी त्यांना कॅच अँड रिलीजवर पंधरा मिनिटांचं लेक्चर दिलं. नदीत मासे मोजके, माणसं ढीगभर, प्रत्येकाने घरी नेला तर उरणार काय, सोडलेला मासा पुन्हा वाढतो, पुन्हा कोणाच्या तरी गळाला लागतो, वगैरे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरा." कोकणातल्या माणसाचं 'बरा' म्हणजे 'पटलं' नव्हे. 'तू बोललास, मी ऐकलं', एवढाच त्याचा अर्थ.

जुलैच्या मध्यावर माझी निळी रेघ लाल रेघेच्या खाली होती. ५४ पाहिजे होते, होते ४३. पुढच्या महिन्यात रिलीज, त्यामुळे वीकेंड जाणार होते. तेव्हा ठरवलं, या शनिवारी बॅकलॉग भरून काढायचा. पहाटे साडेचारला निघालो, मी आणि बाबा. आयझेनहॉवर टनेल ओलांडून सिल्व्हरथॉर्न, तिथून हायवे नऊने क्रेमलिंग, आणि पुढे धुळीच्या रस्त्याने कोलोरॅडो नदीवरचं पंपहाउस. पाटीशेजारच्या बोर्डवर राज्याच्या वन्यजीव खात्याचा एक कागद लावला होता. पाणी कमी आणि गरम आहे, कृपया दुपारनंतर मासेमारी करू नका, अशी विनंती. मी वाचला. विनंती आहे, कायदा नाही, हेही वाचलं. आमच्या धंद्यात याला वॉर्निंग म्हणतात. एरर नाही ना? मग बिल्ड होतंय, जाऊ द्या पुढे.

सकाळ छान गेली. दुपारपर्यंत चार मिळाले. ४७. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठाशी पाण्यात उभे होते. मी मात्र चारशे डॉलरचे वेडर्स घालून, छातीपर्यंत वॉटरप्रूफ. तीनच्या सुमारास बाबा म्हणाले, "सकाळी पाय गारठान बधिर झालेले. आता बरा वाटता."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. आज लिहिताना लाज वाटते. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी ६७-६८ फॅरनहाइटच्या, म्हणजे १९-२० सेल्सिअसच्या वर गेलं की त्याला पकडू नये, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. कारण साधं आहे. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या लिटरभर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशाला साधारण ९. क्रेमलिंग तर सात हजार फुटांच्या वर, तिथे त्याहूनही कमी. आणि गंमत अशी की गरम पाण्यात माशाच्या शरीराचा वेग वाढतो, म्हणजे त्याला ऑक्सिजन लागतो जास्त. पुरवठा कमी, मागणी जादा. त्यात आपण त्याला हुक लावून दहा मिनिटं पळवायचं. जे पाणी कोकणातल्या माणसाच्या पायांना बरं वाटतं, ते ट्राउटसाठी ताप चढल्यासारखं. बाबांचे पाय मला थर्मामीटरचं रीडिंग देत होते. मी वेडर्समध्ये होतो.

साडेतीनला लागला. ब्राउन, मोठा. दोरी बारीक होती, तुटू नये म्हणून मी त्याला बराच वेळ खेळवला. जाळ्यात आला तेव्हा मोजला, साडेसतरा इंच. वर्षातला सर्वांत मोठा. मी ओरडलो, "बाबा, फोटो!" बाबांनी माझा फोन घेतला. कॅमेरा सापडेना. मग सेल्फी लागला. मग उन्हामुळे स्क्रीन दिसेना. मी मासा दोन्ही हातांत धरून, दात काढून उभा. किती वेळ? मला वाटतं मिनिटभर तरी. दहा सेकंदांच्या वर पाण्याबाहेर धरू नये म्हणतात.

पाण्यात सोडला आणि तो कुशीवर वळला.

मी त्याला सरळ केला, तोंड प्रवाहाकडे धरलं, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. कल्ले हलत होते, मग हळूहळू हलले, मग मधूनच. हात काढला की पुन्हा पोट वर. पंधरा मिनिटं मी तिथे वाकून उभा होतो. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. शेवटी कल्ले थांबले. मी हात सोडला तेव्हा तो पांढरं पोट वर करून प्रवाहाबरोबर गेला, वळणापर्यंत दिसत होता.

बाबा एवढंच म्हणाले, "गेलो काय रे तो?"

तो पहिला प्रश्न, 'खावचो नाय तर पकडतंस कित्याक', तो त्यांनी पुन्हा विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. खाडीवरच्या माणसाने मारलेला मासा घरी जातो, आई तो साफ करते, तिरफळ घालून कढी होते, काटा मांजराला जातो. माझा मासा कुठेच गेला नाही. तो फक्त एका शीटमध्ये गेला. हो, कारण खरी लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. त्या रात्री घरी आल्यावर, आंघोळ करून, मी लॅपटॉप उघडला आणि ४७ चे ४८ केले. लांबी: १७.५. निळी रेघ जराशी वर सरकली. आणि मला त्या क्षणी, खरं सांगतो, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबांनी विषय काढला, पण वेगळ्याच वाटेने. म्हणाले, आपल्याकडे जून-जुलैत बंदी असते ती सरकारने कागद काढला म्हणून नव्हे. त्याआधीही जाणती माणसं पावसात समुद्रात होडी लोटत नसत. समुद्र खवळलेला असतो हे एक, आणि मासा अंड्यावर असतो हे दुसरं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मग पुन्हा सुरुवात. "मासे मारूक कोणीय शिकता," ते म्हणाले. गरी कधी गुंडाळायची ते शिकायला वेळ लागतो. बस्स. पुढे पेपर वाचायला लागले. मी म्हटलं ना, लहानपणी मला वाटायचं की हे नुसतेच बसलेत. ते पाणी बघत बसलेले असायचे.

मी तेव्हापासून या शंभराच्या आकड्यावर विचार करतोय. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनधोरणाच्या संदर्भात एक मुद्दा मांडला होता, तो आता आपल्या धंद्यातही फिरतो: एखादं मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. आपण सगळे हे रोज बघतो. बंद केलेली तिकिटं मोजायला लागले की लोक एका तिकिटाची पाच करतात. टेस्ट कव्हरेज मोजलं की काहीच न तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्या जातात. तिथे कोणी मरत नाही, म्हणून आपण हसतो. नदीवर आकडा पुरा करायचा म्हटला की थांबायची वेळ आली तरी पाय निघत नाही. शंभर या आकड्यात 'आज पुरे' असं म्हणायची जागाच नव्हती.

आणि ते पाणी कमी का होतं, हेही मग मी शोधलं. उन्हाळा, कमी बर्फ हे आहेच. पण कोलोरॅडो खोऱ्यातलं पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून पूर्वेकडे, आमच्या बाजूला आणलं जातं. कोयनेचं पाणी वीज करून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरतं ना, तसंच काहीसं. त्याच खोऱ्यातल्या ब्लू नदीवरच्या डिलन धरणातून निघणारा रॉबर्ट्स टनेल २३ मैलांचा आहे, आणि त्यातून येणारं पाणी डेन्व्हरच्या नळाला येतं. म्हणजे त्या संध्याकाळी मी ज्या पाण्याने वीस मिनिटं आंघोळ केली, ते... जाऊ दे. बोर्डवरची विनंती कोणाला होती, ते मला उशिरा कळलं.

तर आता येत्या वर्षाचे संकल्प. शीट नाही, एक साधी वही.

एक. थर्मामीटर. अठरा डॉलरचा आहे, वेडर्सला दोरीने बांधलाय. नदीवर गेलं की आधी पाण्यात तो घालायचा, मग रॉड जोडायचा. उन्हाळ्यात दर तासाला. ६५ झालं की सावध, ६७ ला रॉड बंद. मग तिथे वीस इंची उड्या मारत असला तरी. जुलै-ऑगस्टमध्ये बारानंतर मासेमारी नाहीच. ही माझी घरची बंदी.

दोन. दहा नद्या नाहीत, एकच. साउथ प्लॅट, चीझमन धरणाच्या खाली डेकर्सच्या आसपासचा एक मैल, बाराही महिने, महिन्यातून एकदा. १९०५ साली पुरं झालेलं हे धरण. त्यातून येणारं पाणी थंड असतं, त्यामुळे खालचा पट्टा उन्हाळ्यातही बरा राहतो आणि हिवाळ्यातही सहसा पुरा गोठत नाही. २००२ च्या हेमन वणव्यानंतर याच पट्ट्यात पावसाबरोबर राख आणि वाळू येऊन डोह भरले होते. तिथून ही नदी सावरत आलीय. मला तिचं एक वर्ष बघायचंय. जानेवारीत डासाएवढे मिज, वसंतात ढगाळ दिवशी निघणारे करडे मेफ्लाय, उन्हाळ्यात संध्याकाळचे कॅडिस. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्राउन ट्राउट अंडी घालतात तेव्हा गोट्यांमधली स्वच्छ केलेली फिकट जागा ओळखायची आणि तिथे पाय ठेवायचा नाही. वहीत लिहायचं: पाण्याचं तापमान, आकाश, कोणते किडे दिसले, आज काय नवीन कळलं. किती मासे, हा रकाना नाही.

तीन. फ्लाय स्वतः बांधायच्या. विकत घ्यायला अडीच-तीन डॉलरला एक, आणि अर्ध्या झाडांवर लटकतात. सुरुवात आरएसटू या फ्लायपासून. रिम चुंग नावाच्या माणसाने ती याच साउथ प्लॅटसाठी बनवली. बाविसाव्या नंबरच्या हुकवर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. शेपटीचे दोन केस, बारीक अंग, पंखाचा एक झुपका, झालं. वाचायला सोपं आहे, बांधायला बसलं की पहिल्या दहा झुरळासारख्या दिसतात. पिसांचंही एक जगच आहे. इथे डेल्टा गावात खास पिसांसाठी कोंबडे वाढवणारी मोठी फार्म आहे. आणि जुन्या इंग्रजी सॅमन फ्लायमध्ये मानाचं पीस कोणाचं असायचं, तर आपल्या सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेचं! हे कळल्यावर ऊर भरून आला, तो बिचारा कोंबडा आठवून लगेच उतरला.

चार. हुकचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा. मासा हातात धरायचा तर हात आधी ओले करायचे. फोटो पाण्यातच, नाहीतर नाही. साडेसतरा इंची ब्राउनचा तो फोटो अजून माझ्याकडे आहे. बाबांचं बोट अर्ध्या लेन्सवर आलंय, माझे दात दिसतायत. डिलीट केला नाही. तो ठेवायचा.

पाच. जुलैत एक दिवस हर्मन गल्चला जायचं, रॉड न घेता. ग्रीनबॅक कटथ्रोट हा कोलोरॅडोचा राज्य-मासा. १९३७ मध्ये नामशेष धरला गेला, मग सापडला म्हणाले, आणि २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासातून कळलं की खरा ग्रीनबॅक फक्त एकाच ओढ्यात उरलाय, कोलोरॅडो स्प्रिंग्सजवळच्या बेअर क्रीकमध्ये. तिथून पैदास करून तो हर्मन गल्चमध्ये वर्षानुवर्षं सोडला, आणि २०२२ मध्ये जाहीर झालं की तो तिथे आपसूक प्रजा वाढवतोय. आमच्या घरापासून तासाभरावर, हायवेच्या कडेला. इतकी माणसं इतकी वर्षं राबली, आणि त्यांच्या यशाचं मोजमाप काय, तर माणसाच्या मदतीशिवाय जन्मलेली चार पिल्लं. ती बघायची आणि परत यायचं.

सहा. पुढच्या हिवाळ्यात मालवणला पंधरा दिवस. बाबांबरोबर कालावलच्या खाडीत गरवायला. तिथे जो मिळेल तो मात्र खायचा. चार तास कंटाळा न करता बसलो, तर हा संकल्प पुरा झाला असं धरेन.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. आई मध्येच येऊन "थंडीत पाण्यात उभो रवां नको" म्हणून गेली. बाबांनी चष्मा पुसला आणि विचारलं,

"आणि मासे किती, ता खंय लिवलंस?"

"ता लिवूक नाय."

"बरा," बाबा म्हणाले.

या वेळचा 'बरा' जरा वेगळा वाटला. चुकीचंही असेल माझं. पुढच्या डिसेंबरात कळेलच.